निळ्या दोऱ्याची नळी

१८ फेब्रुवारी १९९७, मंगळवार. तुमच्या कपाटातली खालची फळी रिकामी करते आहे.

परवा तेरावा झाला. मेधा आणि जावई काल पुण्याला परत गेले. शाळेत गुरुवारपासून जायचं आहे, म्हणजे हातात आजचा आणि उद्याचा दिवस. कपडे सकाळीच आवरले. पाच शर्टांच्या खिशात पाच साखरेच्या पुड्या निघाल्या. साखर उतरून घाम फुटला तर तोंडात टाकायला तुम्ही ठेवत होतात त्या. एकीला मुंग्या लागल्या होत्या. शर्ट झटकले, घडी केली, झोळ्यात भरले.

आता ही फळी. स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, ड्रॉपर, निळ्या औषधाची बाटली निम्मी, काचेची सिरिंज तिच्या स्टीलच्या डबीत, तुमची रंगांची वही. आणि लाकडी स्टँडवर काचेच्या दोन नळ्या. एक तुमची, तळाशी जराशी धुरकटलेली. दुसरीच्या गळ्याला निळा दोरा आहे. ती माझी. आठ महिने झाले, ती कोरडी आहे.

हे सगळं आजच काढायचं कारण समोरच्या दुबे भाभी. काल दुधाच्या वेळी फाटकाशी थांबल्या. म्हणाल्या, "भाभीजी, बुरा मत मानना. वो भाईसाहब का शुगर देखने का सामान, अब आपके तो काम का नहीं. हमारे इनको भी निकल आई है. मुझे दे दो, मैं रोज इनका देख दिया करूँगी."

मी म्हटलं, "बुधवार को ले जाना."

"आपके तो काम का नहीं" यावर मी मान हलवली, कारण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मलाही साखर आहे, हे या गावात तुमच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मेधालाही नाही. आता तुम्ही गेलात, तर माहीत असलेली मी एकटी उरले. म्हटलं तर किती सोयीचं आहे. सामान दुबे भाभींना दिलं की पुरावाही गेला.

तेरा दिवस लोक तुमच्याबद्दल बोलून गेले. तुमच्या जलविभागातले आले, "पानी वाले साहब" म्हणून डोळे पुसून गेले. प्रयोगशाळेत तुम्ही कसे प्रत्येक टाकीचं पाणी दोनदा तपासायचात, कसा कधी आवाज चढवला नाहीत. मी ऐकून घेतलं. त्यांच्यापैकी कोणी तुमच्याशी रोज सकाळी रंगावरून भांडलेलं नव्हतं.

सुरुवात तुमच्या तहानेपासून झाली. सिंहस्थाचा उन्हाळा होता. गावात माणूस मावत नव्हता आणि तुम्ही सकाळी सहाला बाटल्यांची पेटी घेऊन घाटांवर, टाक्यांवर नमुने घेत हिंडत होतात. घरी आलात की उभ्याउभ्या माठातलं पाणी संपवायचात. मी म्हटलं, ऊन आहे. तुम्ही म्हणालात, ऊन आहे. त्या महिन्यात सगळं उज्जैन तहानलेलं होतं, त्यात तुमची तहान वेगळी आहे हे कोणाच्या लक्षात येणार? पँट कमरेला सैल झाली तेव्हा मी नवं भोक पाडून पट्टा आवळून दिला. पावसाळ्यात डोळ्यांसमोर धूसर व्हायला लागलं, मग फ्रीगंजमधल्या लॅबमध्ये रक्त दिलं, आणि डॉक्टरांनी कागद बघून तुम्हाला खुर्चीवर बसायला सांगितलं.

तुम्ही बसलात. आणि मी उभी राहिले, ती पुढे दोन वर्षं उभीच होते.

मला काम वाटून घेता येत नाही, हा माझा जुना दोष. शाळेत फळाही मीच पुसते. तुमचा आजार मी वर्गासारखा ताब्यात घेतला. गोळ्या मी काढायची, पोळ्या मी मोजायची, भाताची वाटी मी ठरवायची. सकाळी तुम्ही लघवीचा नमुना बाटलीत द्यायचा आणि अंघोळीला जायचं. पुढचं मी. नळीत दोन पेरं निळं औषध, त्यात आठ थेंब, चिमट्यात धरून दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटकरी झालं तर त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही.

तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून यायचात. मी म्हणायची, "नारिंगी."

"अगं, पिवळा आहे."

"नारिंगी आहे."

"खिडकीपाशी नेऊन बघ. इथे तुझ्या साडीचा रंग पडतोय त्याच्यात."

आणि खिडकीपाशी नेलं की तुम्हाला तो पिवळाच दिसायचा. आयुष्यभर पाण्याचे रंग बघून पगार घेतलेला माणूस, स्वतःच्या नळीत मात्र त्याला एक पायरी कमीच दिसायची.

चोऱ्याही केल्यात. महाकालाच्या लाडवातली साखर मोजायची नसते, हा तुमचा शोध. रविवारी भाजी आणायला गेलात की पिशवीत भाजी आणि मिशीला जिलबीचा पाक. एकदा सलग चार दिवस नळी इतकी सुंदर निळी राहिली की मला संशय आला. पाचव्या दिवशी मी बाटलीचा वास घेतला. तुम्ही नळाचं पाणी भरून देत होतात. मी बाटली तुमच्यासमोर आपटली, तर म्हणालात, "आमच्या विभागाचं पाणी आहे, शैला. निळंच राहणार."

मी हसले नाही. आज हसू आलं.

पण सगळ्यात मोठी चोरी आपण दोघांनी मिळून केली, आणि तिचा बेत माझा होता. दर तीन महिन्यांनी लॅबची तारीख असायची. त्याच्या चार दिवस आधी मी कारल्याचा रस सुरू करायची. भात बंद, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी कोठी रोडला दोन फेऱ्या. परीक्षेआधी पोरांची उजळणी घ्यावी तशी. कागद चांगला यायचा. डॉक्टर मान डोलवायचे. आपण त्यांना जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं, त्यांचा काय दोष? आणि मग लॅबसमोरच्या दुकानात बसून आपण पोहे-जिलबी खायचो. पास झाल्याबद्दल. तुम्हाला प्लेट मी आणून द्यायची, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

असाच एक कागद हातात असताना तुम्ही पंचक्रोशीच्या यात्रेला निघालात.

तुमचा नवस होता. सिंहस्थात पाणी कुठे बिघडलं नाही, कोणी आजारी पडलं नाही, तर अनवाणी पंचक्रोशी करीन. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मिळाली. वैशाखातलं ऊन, पाच दिवसांची वाट. मी नको म्हटलं नाही. नवसाला नको कसं म्हणायचं, आणि कागदही चांगला होता. मी गोळ्यांच्या पाच पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर वार लिहिला. दशम्या दिल्या. पाण्याची बाटली दिली. डोक्याला पंचा दिला. सगळं दिलं आणि एक विसरले.

रोज संध्याकाळी दिवा लावला की मी चष्मा घालून स्टुलावर बसायची आणि तुमचे पाय पाटावर घ्यायची. टाचा, तळवे, बोटांच्या मधल्या जागा. तुम्ही पेपर वाचत असायचात. "झालं?" विचारायचात. "झालं," म्हटलं की पाय खाली. दोन वर्षांत तुम्ही एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं की बघा.

पाचव्या दिवशी नानाखेड्याच्या चौकात टेंपोतून उतरून चालत आलात. उन्हानं काळे पडलेले, खूष. मी पाय धुवायला बादली ठेवली. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळंनिळं होतं आणि तळव्याचं कातडं फुटून आत माती गेली होती.

मी विचारलं, "पाच दिवसांत एकदा तरी पाय बघितलेत?"

तुम्ही म्हणालात, "ते तू बघतेस ना."

त्यात टोमणा नव्हता. दूध सहाला येतं असं सांगावं तसं तुम्ही सांगितलंत.

इंदूरच्या इस्पितळात ते बोट गेलं. गोळ्या जाऊन इंजेक्शन आलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, यांना स्वतःची काही पडलेली नाही, मी मरमर मरते आणि हे असे. तुम्ही पलंगावर पडून ते ऐकत होतात, एकदाही उलट बोलला नाहीत. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत की शैला, बघायचं काम तू माझ्याकडून काढून घेतलं होतंस. मला ते कळायला वर्ष लागलं. कळल्यावर तुम्हाला सांगायला हवं होतं. ते राहिलं.

इस्पितळातल्या सिस्टरनं संत्रं दिलं होतं, सुई टोचायचा सराव करायला. ते तिनं माझ्या हातात दिलं. साहजिक आहे, मीच पुढे होऊन बसले होते. मी दहा वेळा टोचलं. अकराव्या वेळी तुम्ही हात पुढे केलात. "दे इकडे."

"तुम्ही राहू द्या. मी आहे ना."

"शैला, हात काढ."

"चुकलात तर?"

"चुकलो तर मला कळेल. आत्तापर्यंत चुकलो की तुला कळत होतं."

सिस्टर केरळची होती, तिला मराठी येत नव्हतं, पण तिनं माझ्या हातातलं संत्रं घेतलं आणि तुम्हाला दिलं. मला इतका राग आला होता की मी बाहेर जाऊन बाकावर बसले. त्या बाईचेही आभार राहिले.

घरी आल्यावर तुम्ही ही फळी घेतलीत. माझा शिवणाचा डबा वरती गेला. सिरिंज उकळणं, औषध भरणं, टोचणं, सगळं तुमचं. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळवे बघायचात. प्रयोगशाळेतल्यासारखी वहीत उभी आखणी केलीत: तारीख, रंग, औषध, उजवा पाय, डावा पाय. आणि शेवटी "इतर". या इतरमध्ये मी एकदा वाचलं: "जिलबी, एक, रविवार." चोरून खात होतात तेव्हा चिडत होते, त्याहून जास्त मी त्या दिवशी चिडले. लिहून खाता म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, "लिहिली म्हणून एकच खाल्ली."

मेधानं पुण्याहून फोन करून सांगितलं होतं, बाबा, आता रक्ताच्या एका थेंबावर साखर सांगणारं मशीन मिळतं, परदेशातून सगळंच यायला लागलंय, पाठवू का? तुम्ही म्हणालात, पाठव पुढेमागे, तोवर माझं निळं पाणी बरं आहे. खरं म्हणजे तुम्हाला नळी उकळताना बघायला आवडत होतं. खिडकीपाशी तुम्ही आता नळी नेत नव्हतात. दिव्याजवळच बघायचात आणि जो दिसला तो रंग लिहायचात.

तुम्ही फिरायला गेलात की मी वही उघडायची. तपासायला. नळी तुम्ही धुऊन गेलेले असायचात, त्यामुळे तपासण्यासारखं काही नसायचं, तरी उघडायची. जवळजवळ पावणेतीन वर्षं. शाळेत बेरीज बरोबर आली तर मी कोणत्याही पोराच्या वहीवर "छान" लिहिते. तुमच्या वहीवर एकदाही लिहिलं नाही.

माझा कागद गेल्या जूनमधला. लॅबमध्ये तुमच्याबरोबर आले होते, तुम्ही खिडकीतल्या माणसाला म्हणालात, "इनका भी कर दो, आई ही हैं तो." संध्याकाळी तुम्ही दोन पाकिटं घेऊन आलात. तुमचं आधी उघडलंत. मग माझं. मग चष्मा काढून पुसलात.

"तहान लागते का गं?"

"लागते. उज्जैनात जूनमध्ये कोणाला लागत नाही?"

हेच उत्तर आपण दोघांनी मिळून एकदा दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर दुसरी नळी आली. दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला. म्हणालात, "मी तुझी नळी उकळणार नाही. विचारणारही नाही. इथे ठेवलीय. बघायचं ते तू बघ."

मी म्हटलं, शाळा सुरू होतेय, जरा घडी बसू द्या. मग तुम्ही न विचारताच म्हटलं, दिवाळी होऊ द्या. मग मेधाचं लग्न. तुमच्यासाठी दोन वर्षं रोज पहाटे उठून दिवा पेटवणारी मी; माझ्यासाठी तीच पाच मिनिटं मला सापडत नव्हती. दुसऱ्याची साखर बघणं सोपं होतं. त्यात मी हुशार ठरत होते. स्वतःची बघायची म्हणजे बाटली देणारीही मी आणि ओरडणारीही मी.

विचारणार नाही म्हणालात, आणि आठ महिन्यांत एकदाच विचारलंत. त्या मंगळवारी, चार फेब्रुवारीला. मी पेपरांचा गठ्ठा पिशवीत कोंबत होते, तुम्ही नळी धुऊन स्टँडवर उलटी ठेवत होतात. माझ्याकडे पाठ होती.

"आज बघतेस का? दिवा पेटलेलाच आहे."

"परीक्षा संपल्या की बघते."

"मागे लग्न झालं की म्हणाली होतीस."

"तुम्ही नका मागे लागू. तुम्हाला काय, ऑफिस अकराला."

"बरं," म्हणालात, आणि दिवा विझवलात.

दुपारी शेवटच्या तासाला शिपाई वर्गात आला. जेवून ऑफिसच्या खुर्चीत बसलात, शेजारच्याला छातीत जड वाटतंय म्हणालात, आणि संपलं. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसाला असं होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण मनात म्हटलं, हे पावणेतीन वर्षं वहीनं वागले होते. आधीच्या दोन वर्षांचं काय काय आत साठलं होतं, कोण सांगणार? त्या दोन वर्षांचा रंग माझ्या हातचा आहे.

वहीचं शेवटचं पान आत्ता बघितलं. चार तारीख. हिरवा. उजवा ठीक, डावा ठीक. इतरमध्ये काही नाही. मला वाटलं होतं, माझ्याबद्दल काहीतरी लिहिलेलं सापडेल. नाही. तुम्ही स्वतःपुरतंच लिहीत होतात. ते बरोबरच होतं.

फ्रिजच्या दारातली इंजेक्शनची बाटली डॉक्टरांकडे परत करायला वेगळी काढली. सिरिंज डबीत घातली. बाकी सामान वर्तमानपत्रात बांधायला घेतलं, दिवा, चिमटा, ड्रॉपर, तुमची नळी. निळ्या दोऱ्याची हातात घेतली. दोरा सोडून देऊ की दोऱ्यासकट, एवढाच प्रश्न होता. गाठ तुमची, पक्की. नखानं सुटेना. कात्री आणायला उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन भांडी पाणी प्यायले.

फेब्रुवारी आहे. ऊन नाही. तहान मात्र होती.

सामान परत फळीवर ठेवलं.

बुधवार. सकाळी साडेसहाला दिवा पेटवला. निळ्या दोऱ्याच्या नळीत दोन पेरं औषध घेतलं, आठ थेंब मोजले, चिमट्यात धरून उकळलं. हे काम मला येतं. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि पिवळ्यावर थांबला नाही.

मी म्हटलं, "नारिंगी."

घरात कोणी काही बोललं नाही. मग मी स्वतःच नळी खिडकीपाशी नेली. बराच वेळ धरून बघितली. तिथेही नारिंगीच होती. परत येऊन तुमच्या वहीत, चार तारखेच्या खाली एक ओळ सोडून, आजची तारीख घातली आणि नारिंगी लिहिलं. औषधाच्या रकान्यात लिहिलं: शनिवारी डॉक्टर. मग तुमचा आरसा जमिनीवर ठेवला, स्टुलावर बसून तळवे बघितले. उजवा ठीक. डाव्या टाचेला भेग आहे, तीही लिहिली.

आठला दुबे भाभी झोळा घेऊन आल्या.

मी म्हटलं, "भाभी, सामान नहीं दे पाऊँगी. मेरे काम का है."

मग त्यांना समजलं आणि त्यांनी माझा हात धरला. मी तो थोडा वेळ राहू दिला.

"फ्रीगंज में सब मिल जाता है, लिख के देती हूँ," मी म्हटलं. "और कल सुबह साढ़े छह बजे दुबेजी को भेजो. सिखा दूँगी. आप मत आना."

"इनको?" भाभी म्हणाल्या. "इनको तो कुछ नहीं आता, भाभीजी. चाय तक मैं छान के देती हूँ."

"हमारे इनको भी नहीं आता था," मी म्हटलं.